बारक्याचा शू-अलार्म आणि बेळगावचा पावसाळा: चालू नोंदी

८ जून

बारक्यासाठी, म्हणजे आमच्या पोरासाठी, झोपेत शू झाली की वाजणारा अलार्म आज आला. दोन हजारांच्या वर थोडे गेले. ऑनलाईनच मागवावा लागला, खडेबाजारात मेडिकल आणि सर्जिकलवाल्यांकडे विचारून झालं होतं, आधी समजावून सांगायचं की म्हाताऱ्या माणसासाठी नको, पोरासाठी पाहिजे, आणि एवढं सांगून झालं की ते लहान साईजचे डायपर काढून दाखवायचे.

यंत्र अगदी साधं आहे. चड्डीला लावायची क्लिप, तिची वायर बनियनच्या आतून खांद्यापर्यंत, खांद्याला डबी. क्लिपमध्ये धातूचे दोन ठिपके, त्यांच्यामध्ये ओल आली की करंट जातो आणि डबी बोंबलते, थरथरते पण. आत दोन ट्रिपल-ए सेल.

बारका सात वर्षांचा, दुसरीत. कधीच सलग कोरडा राहिलेला नाही. अलार्म घ्यायच्या आधी लहान मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, ही पायरी कुणी सोडू नका. त्यांनी लघवी तपासायला दिली, पोट रोज साफ होतं का विचारलं (कडक झालेली शी आतून मूत्राशयाला दाबते, आम्हाला हे माहीतच नव्हतं), घोरतो का, दिवसा पण गळतं का, तहान फार लागते का. मध्ये सहा महिने कोरडा राहून परत अचानक सुरू झालं असतं तर वेगळा विचार करावा लागला असता म्हणाले, आणि तहान वाढून वजन उतरत असेल तर त्याच दिवशी शुगर बघायची. आमच्यात तसं काही निघालं नाही, फक्त पोट साफ नव्हतं, त्याचं औषध आधी झालं. पाच वर्षांच्या १०० पोरांत साधारण १५ जण रात्री ओलं करतात आणि त्यातले दरवर्षी १५ टक्क्यांच्या आसपास आपोआप थांबतात, हे पण त्यांनीच सांगितलं. म्हणजे नुसती वाट बघितली असती तरी चाललं असतं. पण बारका स्वतःच म्हणाला मला बंद करायचंय, म्हणून हे.

आई-बापापैकी एकाला लहानपणी असेल तर पोराला असायची शक्यता बरीच वाढते म्हणाले. मी घरी येऊन आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, ह्याचा बाप चौथीपर्यंत करत होता की, रोज वाकळ धुवायची मी. आमचे हे तेव्हापासून या विषयात एकदम मवाळ झालेत.

९ जून

टेस्ट. ग्लासात फिल्टरचं पाणी घेऊन क्लिप बुडवली, आवाज नाही. सेल काढून घातले, नाही. ह्यांनी परत पाठवायचा फॉर्मसुद्धा उघडला. भावजी उद्यमबागेत मशीन शॉपला आहेत, ते जेवायला आले होते, त्यांनी त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि डबी अशी ओरडली की बाहेरचं मांजर पळालं.

कारण असं की आरओ फिल्टरच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यातून करंट नीट जात नाही. लघवीत मीठ भरपूर, तिच्यातून जातो. आमच्या बोअरच्या पाण्यात पण लगेच वाजला, बोअरचं पाणी कसलं जड आहे ते वेगळंच कळलं. तर टेस्ट मिठाच्या पाण्याने करा, चार थेंब फडक्यावर टाकून, क्लिप ग्लासात बुडवू नका कारण ते पाणी नंतर बिजागरीत राहतं. ते पुढे येईलच.

११ जून

पहिली रात्र काल. अलार्म वाजला, मी उठले, हे उठले, आत्ती उठल्या, भिंतीपलीकडच्या अक्का उठल्या. बारका झोपलेला.

सकाळी अक्का दारात, एन सप्पळ री रात्री? (रात्री कसला आवाज हो?) आता काय सांगणार. घड्याळ बिघडलंय म्हटलं.

आम्ही वडगावात, दोन्ही बाजूला मागवाले, पॉवरलूमची खटखट ऐकतच हे पोरगं मोठं झालंय, त्यामुळे मला वाटलं हा आवाजाला निर्ढावलाय. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले त्याचा काही संबंध नाही, सुरुवातीला बहुतेक पोरं उठत नाहीत, पहिले काही आठवडे अलार्म मोठ्या माणसासाठीच असतो. तुम्ही उठायचं आणि त्याला उठवायचं.

आता ठरवलेली पद्धत: बटण मी दाबायचं नाही. त्याला उभं करायचं, पूर्ण जागा करायचा (नाव विचारायचं, कितवीत आहेस विचारायचं), त्याच्याच हाताने बंद करायला लावायचं, मग संडासात नेऊन राहिलेली करायला लावायची, मग चड्डी बदलून क्लिप परत. अर्धवट झोपेत उचलून नेलं तर काही शिकत नाही. झोपायच्या आधी जागेपणी एकदा नाटक पण करायचं, अंथरुणात पडायचं, मी तोंडाने अलार्म वाजवणार, तो उठून बटण दाबून संडासापर्यंत जाणार. हे त्याला भलतंच आवडलंय, मुद्दाम घोरतो.

१४ जून

आत्तींचं म्हणणं रात्री अकराला उचलून शू करवून आणलं की झालं, कशाला एवढा खटाटोप. तसं केलं तर गादी वाचते हे खरं. पण मूत्राशय भरलं की जाग यायला पाहिजे, ते त्यातून शिकत नाही, झोपेतच करायची सवय चालू राहते. यावर आमच्यात थोडं झालं. शेवटी ठरलं की अलार्म चालू असेपर्यंत उचलायचं नाही.

दुसरं, आत्तींनी कोरड्या रात्रीला कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) कबूल केला होता. तो बदलायला लावला. कोरडं राहणं पोराच्या हातात नाही, उठून बटण दाबणं आहे, तर कुंदा बटणाला. आता ओल्या रात्री पण कुंदा मिळतो म्हणून बारका खूश, आत्तींना हिशोब अजून पटलेला नाही.

संध्याकाळचा चहा बंद. पाणी तोडलं नाही, दिवसा शाळेत भरपूर प्यायला सांगितलंय, रात्री जेवणानंतर फक्त कमी.

१९ जून

सकाळी गादी ओली, अलार्म गप्प. असं पहिल्यांदाच, आणि मग परत परत. मिठाच्या पाण्याची टेस्ट पास, म्हणजे डबी ठीक. घोळ कापडात होता.

एक तर चड्डी सैल. पोरगं कुशीवर वळलं की कापड अंगापासून लांब आणि ओल दुसरीकडूनच गादीत. क्लिप पण आम्ही इलॅस्टिकजवळ लावत होतो, सोपं पडतं म्हणून. मुलाला पुढे, जिथे धार लागते तिथेच पाहिजे, मुलगी असेल तर खाली, दोन पायांच्या मध्ये. आता घट्ट सुती चड्डी, वरून एक जुनी अर्धी चड्डी, त्यामुळे क्लिप दाबून बसते.

आणि नवीन चड्ड्या. त्यांना खळ असते, पाणी थेंब होऊन वर बसतं. दोनतीनदा धुतल्यावर शोषायला लागल्या. धुताना वासाचं ते कंडिशनर घालत होते ते पण बंद केलं, त्यानेही कापड कमी शोषतं. खरेदी करण्याआधी साधी परीक्षा, चड्डीवर एक थेंब पाणी सोडा, लगेच पसरला तर घ्या. दुकानदार बघत राहतो, असूंदे.

२ जुलै

इथून पुढे खरा त्रास. दोन आठवडे वाया गेले, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पाऊस धरला. बेळगावचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, चार चार दिवस ऊन नाही, व्हरांड्यातल्या दोरीवर कपडे नुसते लटकतात. आणि अलार्म कोरड्या अंथरुणात वाजायला लागला. दोन वाजता वाजला, उठवला, उभा केला, चड्डी चाचपली तर काही नाही. परत निजवला, अर्ध्या तासात परत. तिसऱ्यांदा वाजल्यावर तो रडत म्हणाला मी नाही केली, मी खरंच नाही केली.

हे फार वाईट आहे. ओली गादी एकवेळ परवडली. अलार्म वाजला म्हणजे शू होतेय एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात बसायला पाहिजे असते आणि खोटा वाजला की तीच उडते. मग खरा वाजला तरी तो पांघरूण ओढून घेतो. म्हणून आमचा नियम झाला, ज्या रात्री एकदा खोटा वाजला त्या रात्री अलार्म काढून ठेवायचा, ओलं होऊंदे.

४ जुलै

काय काय करून बघितलं आणि जमलं नाही:

क्लिप तांदळाच्या डब्यात ठेवली दिवसभर. काही फरक नाही.

क्लिपभोवती पावडर लावली, घाम शोषेल म्हणून. पावडरीचा चिखल झाला ठिपक्यांमध्ये आणि आणखी लवकर वाजायला लागला. करू नका.

क्लिप आणि अंग यांच्यामध्ये फडक्याची दुहेरी घडी. खोटे कमी झाले, पण खरी शू झाली की फार उशिरा वाजायचा, तोवर सगळं झालेलं असायचं. उशिरा वाजणारा अलार्म काय कामाचा, धार सुरू होताना जाग आली तरच मेंदूला जोड लागते.

६ जुलै

रविवार, भावजी मल्टीमीटर घेऊन आले. क्लिप डबीपासून सोडवून दोन ठिपक्यांवर प्रोब लावले. कोरड्या स्वच्छ क्लिपला काहीच यायला नको, म्हणजे सर्किट उघडं. आमच्या क्लिपला काहीशे किलो-ओहम दाखवत होतं, म्हणजे थोडा करंट जात होता, कपडा न लावता, टेबलावर. म्हणजे कापडाला दोष देण्यात अर्थ नाही, क्लिपच आतून ओली.

मीटर बाजूला ठेवून भिंगातून बघितलं तर ठिपक्यांच्या मधल्या प्लॅस्टिकवर पांढरट थर. लघवीतलं मीठ आणि साबण. आपण ओल्या फडक्याने वरवर पुसतो, मीठ तिथेच राहतं, आणि पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं तसंच हेही हवेतली ओल धरतं. तांदळात ठेवल्यावर वाळायचं, रात्री परत ओल धरायचं. एक ठिपका हिरवट पण झालेला, करंट आणि मीठ एकत्र आले की धातू खातो.

उपाय: मऊ टूथब्रश आणि कोमट साध्या पाण्याने घासली, साबण नाही. मग कापसावर स्पिरिट घेऊन ठिपके आणि मधलं प्लॅस्टिक, बिजागरीत काडीला कापूस गुंडाळून. क्लिप उघडी धरून फॅनखाली. डबीला पाणी अजिबात नाही, वायरचा जॅक (डबीत घालायचं टोक) पण वर धरायचा, नाहीतर पाणी वायरवरून आत जातं. संध्याकाळी मीटर काहीच दाखवेना.

मीटर नसेल तर: संध्याकाळी क्लिप डबीला जोडून, कपडा न लावता, उशीवर तासभर ठेवा. वाजली तर ती ओली. आता रोज हे करतो, पोराला लावायच्या आधी.

९ जुलै

बरंच कमी झालं पण पूर्ण नाही. राहिलेले खोटे पहाटेचे, आणि ते घामाचे. गादीवर मेणकापड, त्यावर पातळ चादर, वरून जाड वाकळ, त्यात लाईट गेली की फॅन बंद. मेणकापडावर घाम कुठे जाणार. मेणकापडावर आता जुना जमखाना (सतरंजी) आणि मग चादर, वाकळीच्या जागी सुती सोलापुरी. नायलॉनची चड्डी कधी नको, त्यात घाम अंगावरच राहतो.

चड्ड्या पण. दोरीवरच्या चड्डीला हात लावला तर कोरडी लागते, पण इस्त्री फिरवली की वाफ निघते. तर झोपायच्या आधी इस्त्री, मग थंड होऊ द्यायची, मग क्लिप. रात्री बदलायच्या दोन चड्ड्या पण इस्त्री करून डब्यात झाकून ठेवते. लाईट गेलेली असेल तर तव्यावर नको, मी एक भाजली.

(हे मागाहून घातलंय, काही नोंदींत अशी भर आहे.) १२ जुलैपासून खोटा वाजलेला नाही. म्हणून आमचा खरा पहिला दिवस मी तोच धरते, त्याआधीचं मोजतच नाही.

२० जुलै

सेल. आवाज बारीक यायला लागला आणि थरथर बंद. मीटरवर सेल ठीक दिसत होते, दीडच्या आसपास व्होल्ट. भावजींनी वाजत असताना मोजायला लावलं तर धाडकन खाली. थरथरायची मोटर जास्त करंट ओढते, स्वस्तातले सेल नुसते पडून असताना चांगले दिसतात आणि कामाला लावले की बसतात. अल्कलाईन घातले, आवाज परत खणखणीत.

ह्यांच्या एका मित्राने सुचवलं, सेलच्या जागी मोबाईल चार्जरची वायर जोड, कटकट जाईल. असलं अजिबात करायचं नाही. ओल्या पोराच्या अंगाला लागलेली वस्तू भिंतीच्या लाईटला जोडायची नसते, चार्जर कितीही भारी असो. आणि तुमचा अलार्म बटण-सेलवाला असेल तर झाकणाचा स्क्रू घट्ट ठेवा, धाकट्या भावंडाने गिळला तर अन्ननलिका भाजते, तेव्हा घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना.

२७ जुलै

वहीत काय लिहावं याबद्दल. आधी ओलं/कोरडं एवढंच लिहीत होते आणि सगळीकडे ओलं ओलं बघून वैताग येत होता. आता लिहिते: किती वाजता वाजला, डाग केवढा (ताटाएवढा, वाटीएवढा, रुपयाएवढा), कोण आधी उठलं.

तसं लिहिल्यावर दिसलं की डाग लहान होतोय. आधी वाजेपर्यंत सगळी गादी, आता वाटी. वेळ पण पुढे सरकली, आधी बाराच्या आत, आता तीनच्या पुढे. डॉक्टर म्हणाले हीच सुरुवात, चार आठवड्यांत असं काहीच दिसत नसतं तर थांबून दुसरा विचार केला असता. औषधाच्या गोळ्या पण असतात, त्यांच्या सल्ल्याने, सहलीबिहलीला वगैरे कामाच्या, आम्हाला सध्या नको.

५ ऑगस्ट

परत गप्प. यावेळी कधी वाजतो कधी नाही. वायर जॅकपाशी वाकवली की वाजायचा, सोडली की बंद, म्हणजे आतून तुटलेली. पोरगं त्या बाजूवर झोपतं आणि वायर तिथेच दुमडते.

भावजींनी तुटका भाग कापून कथिलाने जोडून दिली. आठवडाभर चालली, परत त्याच्या थोडं पुढे गेली. जोडलेली जागा कडक होते आणि तिच्या कडेला वायर मोडते. शेवटी विकणाऱ्याकडून सुटी सेन्सर-वायर मागवली, अलार्मच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याला पडली. ती येईपर्यंत अलार्म नाही, आणि डाग परत ताटावर. घेतानाच सुटा सेन्सर मिळतो का ते विचारा, न मिळणारा मॉडेल कितीही स्वस्त असो घेऊ नका.

नवीन वायर आता बनियनला दोन ठिकाणी सैल टाक्यांनी अडकवलीय आणि जॅकपाशी एक मोठं वळण सोडलंय.

१७ ऑगस्ट

तो आधी उठला. मी आवाजाने डोळे उघडले तर हा अंधारात उभा, बटण दाबलेलं, मला म्हणतो आई लाईट लाव की. डाग रुपयाएवढा.

आत्तींनी सकाळी न मागता कुंदा काढला.

२९ ऑगस्ट

गणपतीला खानापूरला नणंदेकडे. माजघरात पोरं ओळीने झोपतात, अलार्म न्यायचा की नाही यावर दोन दिवस घालवले. बारक्यालाच विचारलं. तो म्हणाला न्यायचा पण ओरडणारा नको. नुसत्या थरथरीवर ठेवला, पण नुसत्या थरथरीने तो अजून उठत नाही, म्हणून डबी त्याच्या खांद्याऐवजी माझ्या हातात आणि मी शेजारी. डबी थरथरली की मी त्याला हलवायचं, तो उठून मागच्या दाराने जायचा. कुणाला कळलं नाही, एका भाच्याने वायर बघून विचारलं हे काय, तर बारका म्हणाला गेमचं आहे.

पोळ्या-मोदकांत पाणी रात्रीच जास्त प्यायलं गेलं, तरी ठीक गेलं.

१४ सप्टेंबर

सलग कोरड्या रात्री चालल्यात. डॉक्टरांनी सांगितलंय १४ सलग कोरड्या रात्री झाल्याशिवाय अलार्म काढायचा नाही, आणि त्यानंतर लगेच बंद न करता काही दिवस झोपायच्या आधी थोडं थोडं जास्त पाणी देऊन बघायचं, अलार्म लावूनच. त्याने पुन्हा सुरू व्हायची शक्यता कमी होते. आत्ती म्हणाल्या इतके दिवस पाजू नको म्हणत होतीस आणि आता पाज म्हणतेस. बरोबर आहे त्यांचं, ऐकायला येडपटच वाटतं.

२८ सप्टेंबर

जास्त पाण्याच्या दिवसांत दोनदा ओलं झालं, दोन्ही वेळा स्वतः उठला. आता परत कोरडं. अलार्म काल काढला. पंधरवड्यात दोनपेक्षा जास्त रात्री ओल्या झाल्या तर परत लावायचा, बारक्याला पण सांगून ठेवलंय, त्याला त्यात काही वाटलं नाही.

डबीतून सेल काढलेत, आत राहून फुटले की स्प्रिंग खातात. क्लिप स्पिरिटने पुसून वेगळ्या पिशवीत. पलीकडच्या अक्कांच्या नातवासाठी विचारणा आलीय (घड्याळाची गोष्ट त्यांना कधीच पटली नव्हती म्हणे). डबी देणार, सेन्सर नाही. अंगाला लागलेली वस्तू आहे आणि आमच्या नव्या क्लिपचे ठिपके पण आता कडेने हिरवे व्हायला लागलेत, त्यांनी आपला मागवावा. आणि आधी डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलंय, पोराचं पोट साफ होतं का ते बघायला.